ताळा आणि उपपत्ती

चाळीसगावच्या बाजारपेठेत एका आडत दुकानाच्या गादीवर बसून माझ्या वडिलांनी एकतीस वर्षे कीर्द आणि खतावणी लिहिली. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. शाळा सुटली की मी पुष्कळदा तिथे जाऊन बसे, आणि मी दहा वर्षांची झाल्यावर अण्णांनी मला नवाचा ताळा शिकवून कामाला लावले. गुणाकार त्यांनी करायचा आणि ताळा मी पाहायचा. भुईमुगाच्या शेंगांची 47 पोती, पोत्यामागे भाव 38 रुपये. सत्तेचाळीसच्या अंकांची बेरीज अकरा, अकराच्या अंकांची दोन. अडतीसचीही अकरा आणि मग दोन. दोन दुणे चार. गुणाकार बरोबर असेल, तर त्याच्या अंकांची बेरीज करत गेल्यावरही अखेर चारच उरले पाहिजेत. मी आकड्यांवरून बोट फिरवत बेरीज करी आणि शेवटी "जुळला" म्हणे. तो शब्द उच्चारताना त्या व्यवहारावर आपणच शिक्का मारत आहोत, असे मला वाटे.

एका संध्याकाळी रोकड नव्वद रुपयांनी जास्त भरली. त्या काळच्या मानाने ती रक्कम लहान नव्हती. दिवसभरातल्या सगळ्या गुणाकारांचे ताळे मी पाहिले होते आणि सगळे जुळले होते, त्यामुळे नोंदींत चूक असणे शक्यच नाही, असे मी ठासून सांगितले. अण्णा थोडा वेळ नव्वद या आकड्याकडे नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "नव्वदला नवाने भाग जातो. कुठेतरी अंक उलटे पडले असतील." त्यांचे बोट नोंदींवरून खाली सरकत शेंगांच्या ओळीशी येऊन थांबले. 47 गुणिले 38 म्हणजे 1786. शेतकऱ्याच्या पट्टीवर तेवढेच लिहिलेले होते आणि त्याच्या हातात पैसेही तेवढेच गेले होते. कीर्दीत मात्र 1876 पडले होते. सात आणि आठ यांनी जागा बदलल्या होत्या. अंक तेच असल्यामुळे त्यांची बेरीज तीच राहिली होती, आणि माझा ताळा निमूटपणे जुळला होता. मी रडवेली झाले. अण्णा म्हणाले, "ताळा चुकला, तर हिशेब चुकलाच समजायचं. ताळा जुळला, तर एवढंच समजायचं, की चूक अजून सापडलेली नाही."

पुढे मी गणित घेऊन पदवी मिळवली आणि चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. या विषयाच्या निश्चिततेविषयी मोठमोठ्या लोकांनी लिहिलेले पुष्कळ वाचले. तरीही ज्या ठिकाणापासून मी विचार करू लागते, ते ठिकाण अजून त्या गादीवरच आहे. चूक अजून सापडलेली नाही, ही एक अवस्था आहे. चूक असूच शकत नाही, ही दुसरी. या दोहोंमधले अंतर किती आहे आणि ते कोणी, कसे ओलांडायचे, हा प्रश्न मला आयुष्यभर पुरला आहे.

आपल्या बोलण्यातले गणित मात्र फारसे निश्चित नसते. वर्तमानपत्रे निवडणुकीचे गणित मांडतात, पाऊस लांबला की शेतकऱ्याचे गणित कोलमडते, आणि ठरलेले लग्न मोडले की कोणाचे तरी गणित चुकलेले असते. ज्या गोष्टींविषयी आपल्याला काहीच खात्री देता येत नाही, नेमक्या त्यांच्यासाठी आपण या विषयाचे नाव वापरतो. दुसरीकडे, "दोन अधिक दोन चार इतके स्पष्ट" असे म्हणताना आपण वाद मिटवण्यासाठी त्याच विषयाचा आधार घेतो. पालकसभेत मला दोन्ही प्रकारची माणसे भेटत. काहींना गणित म्हणजे अंतिम निकाल वाटे, तर काहींना आपल्याला कधीच न कळलेली आणि म्हणून कायमचा धाक घालणारी एक सत्ता. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी "वीस एक" अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर जो क्षोभ उसळला, तो मला फार बोलका वाटला. एकवीस ही संख्या जिथल्या तिथे होती. तिचे नाव हा केवळ संकेत होता. पण लहानपणी जे घोकून पक्के झाले तेच आपल्याला निश्चित वाटत असते, आणि त्याला हात लागला की पायाखालची फरशी हलल्यासारखे होते. मी त्या क्षोभाला नावे ठेवत नाही. पाढे, पावकी, निमकी म्हणत वाढलेल्या माणसाचे संख्यांशी जडलेले नाते कानातून जडलेले असते, आणि तेही एक खरे नातेच आहे. परंतु पाठांतराचा पक्केपणा आणि गणिताची निश्चितता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मुलांना त्या निराळ्या करून दाखवणे हेच माझे काम आहे, असे मी मानत आले.

त्यासाठी नववीच्या वर्गात मी दर वर्षी एक खेळ मांडत असे. कोणतीही पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा आणि वर 41 मिळवा. शून्यापासून सुरुवात केली की 41, 43, 47, 53, 61, 71 अशा संख्या येतात आणि सगळ्या मूळ संख्या असतात. दहा वेळा होते, वीस वेळा होते. पंचविसाव्या संख्येपर्यंत वर्गाची खात्री पटलेली असे आणि पुढचे आकडे तपासण्याचा उत्साहही मावळलेला असे. तिसापर्यंत नेटाने जाणारी एक-दोन मुले असत. 39 ला 1601 येते. तीही मूळ संख्याच. आणि 40 ला येते 1681, म्हणजे 41 चा वर्ग. फळ्यावर ते लिहिल्यावर वर्गात जी शांतता पसरे, तिच्यासाठीच मी तो तास घेत असे. मग मी विचारी, की हे चाळिसाव्याच संख्येला का मोडावे? कोणीतरी शोधून काढी, की चाळिसाचा वर्ग अधिक चाळीस म्हणजे चाळीस गुणिले एकेचाळीस, त्यात आणखी एक एकेचाळीस मिळाले की एकेचाळीस गुणिले एकेचाळीस. हे सुरुवातीपासूनच तिथे वाट पाहत बसलेले होते. आपण तपासत राहिलो आणि विचार केला नाही, म्हणून ते दिसले नाही.

चाळीस हा आकडा लहान आहे, म्हणून तो खेळ वाटतो. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे गोल्डबाखने 1742 साली सुचवलेले विधान 4 वर अठरा शून्ये एवढ्या संख्येपर्यंत संगणकाने तपासून झाले आहे, आणि तरीही गणिती त्याला अटकळच म्हणतात. व्यवहारातल्या कोणत्याही माणसाला हा हट्ट वाटेल. हा हट्ट नाही, हे मला पटवून दिले ते आमच्याच भागातल्या एका माणसाने.

चाळीसगावपासून जवळच, गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटणादेवी आहे. नवरात्रात तिथे गर्दी लोटते, पावसाळ्यात धबधबे पाहायला लोक येतात. मीही लहानपणी शिदोरी घेऊन तिथे जात असे. त्या गावाचा आणि माझ्या विषयाचा काही संबंध आहे, हे मला महाविद्यालयात जाईपर्यंत ठाऊक नव्हते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापला, आणि त्याला 1207 साली मिळालेल्या दानाचा शिलालेख पाटणला कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यातला बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण शेवटी त्या काळची मराठी येते, आणि बाजारात येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नातून मठाला काय मिळावे, हे तिथे नोंदलेले आहे. आठशे वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका बाजाराच्या जकातीवर गणिताचे शिक्षण चालत होते, हे वाचले तेव्हा मला अण्णांची गादी आठवली आणि फार आनंद झाला.

भास्कराचार्यांनी 1150 साली पुरा केलेल्या सिद्धान्तशिरोमणीतल्या बीजगणित या भागात एक प्रश्न आहे. अशी कोणती वर्गसंख्या आहे, जिला 61 ने गुणून एक मिळवला की पुन्हा वर्गसंख्याच मिळते? प्रश्न दिसायला भोळा आहे. एक घेऊन पाहावे: 61 अधिक 1 म्हणजे 62, वर्ग नाही. दोन घ्यावे: 61 गुणिले 4 अधिक 1 म्हणजे 245, तोही वर्ग नाही. शंभरापर्यंत जा, लाखापर्यंत जा, कोटीपर्यंत जा, एकही संख्या सापडत नाही. केवळ तपासत जाणाऱ्या माणसाने कधीतरी थकून "असे उत्तर नाही" असे म्हटले असते आणि त्याच्याजवळ कोट्यवधी पुरावे असते. उत्तर आहे. सर्वांत लहान संख्या 22,61,53,980 ही आहे; तिच्या वर्गाला 61 ने गुणून एक मिळवला की 1,76,63,19,049 चा वर्ग येतो.

भास्कराचार्य तिथपर्यंत चालत गेले नाहीत. त्यांच्या चक्रवाळ रीतीत जवळ जवळ जमणाऱ्या एका जोडीपासून सुरुवात करायची आणि ती अधिकाधिक चांगली करत न्यायची. 8 चा वर्ग 64 हा 61 पेक्षा तीनने जास्त, ही पहिली पायरी. रीत एकदा चालवली की 39 आणि 5 ही जोडी येते: 39 चा वर्ग 1521, आणि 61 गुणिले 25 म्हणजे 1525, फरक फक्त चाराचा. फरक चारावर आला की पुढची वाट ब्रह्मगुप्ताने पाच शतकांपूर्वीच करून ठेवलेली होती. दोन जोड्यांपासून तिसरी जोडी घडवणाऱ्या त्याच्या भावना या नियमाने उरलेले अंतर काही ओळींत कापता येते. दहा अंकी उत्तर एका पानावर मावते. 1657 साली फेर्माने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून हाच 61 चा प्रश्न टाकला, तेव्हा तो पाचशे वर्षांपूर्वी सुटलेला आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

इथे मला एक गोष्ट अभिमान बाजूला ठेवून सांगितली पाहिजे, कारण ती या विषयाच्या गाभ्याची आहे. 61 चे उत्तर बरोबर आहे याची खात्री गुणाकार करून कोणीही करू शकतो. तिथे ताळा पुरेसा असतो. पण ही रीत, पूर्ण वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येसाठी नेहमीच उत्तरापर्यंत पोचवील, हे विधान वेगळे आहे, आणि त्याची सिद्धता भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अशा प्रत्येक संख्येसाठी उत्तर असतेच, हे अठराव्या शतकात लाग्रांजने सिद्ध केले. एका उदाहरणाची खात्री आणि सगळ्या उदाहरणांची खात्री यांच्यामध्ये सहाशे वर्षे गेली.

असे असूनही, खात्री म्हणजे काय याविषयी मी वाचलेले सर्वांत नेमके शब्द भास्कराचार्यांचेच आहेत. गोलाध्यायाच्या आरंभी ते म्हणतात, की ग्रहगणिताची उपपत्ती जाणल्याशिवाय गणकाला प्रौढांच्या सभेत प्रौढी मिळत नाही, आणि पुढे अवघे तीन शब्द जोडतात: निःसंशयो न स्वयम्. तो स्वतःही निःसंशय होत नाही. उपपत्ती गोलात तळहातावरच्या आवळ्यासारखी प्रत्यक्ष दिसते, असे ते लगेच पुढे सांगतात. उपपत्ती म्हणजे युक्लिडच्या धर्तीची सिद्धता नव्हे, हे खरे. ती कधी आकृती असते, कधी युक्तिवाद. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1545 साली लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली, तिच्यात वर्तुळाच्या सुईसारख्या निमुळत्या फाका करून, दोन अर्ध्यांतल्या फाका एकमेकींत गुंतवून आयत करण्याची उपपत्ती आहे. पुठ्ठा आणि कात्री घेऊन आम्ही वर्गात तेच करत असू. मला महत्त्वाची वाटते ती भास्कराचार्यांच्या वाक्यातली जोडी. सभा आणि स्वतः. खात्रीचे हे दोन दरवाजे आहेत, आणि एकातून आत गेलेला माणूस दुसऱ्यातूनही गेलेला असतो असे नाही. आपल्यापैकी बहुतेकांची गणितावरची श्रद्धा पहिल्या दरवाजाची असते. कोणीतरी जाणत्यांनी तपासले आहे, म्हणून आपण मानतो. ही उसनवारी वाईट नाही. तिच्यावाचून जगणेच अवघड होईल. पण ती उसनवारी आहे, याचे भान राहत नाही, तिथे गणित हा धाक होऊन बसतो.

तो धाक मीही घातलेला आहे. समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन समान असतात, हे प्रमेय नववीला असते. पुस्तकातली रीत अशी, की शिरःकोनाचा दुभाजक काढायचा, त्रिकोणाचे दोन तुकडे करायचे आणि ते एकरूप दाखवायचे. एका सहामाहीला एका मुलीने पक्ष आणि साध्य नीट लिहिले होते, रचना मुळी केलीच नव्हती, आणि सिद्धतेखाली तीन ओळी होत्या. त्रिकोण अबक आणि त्रिकोण अकब यांत बाजू अब ही बाजू अकएवढी, बाजू अक ही बाजू अबएवढी, आणि कोन अ सामाईक. म्हणून बाकोबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप, म्हणून कोन ब आणि कोन क समान. मी ते वाचले, एकच त्रिकोण दोनदा लिहिला आहे असे समजून तांबडी रेघ ओढली आणि शून्य दिले. शंभरावर उत्तरपत्रिका समोर होत्या, हे कारण आज सांगावेसे वाटते, पण ते कारण नव्हे. पुस्तकात नव्हते, म्हणून ते मला चूक वाटले.

पेपर वाटल्यावर ती टेबलाजवळ आली. ती मुळात फार न बोलणारी मुलगी होती. "बाई, यात चूक कोणत्या पायरीत आहे, तेवढं दाखवा," एवढेच म्हणाली. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि मला बोलता येईना. ओळ बरोबर होती. दुसरी बरोबर होती. तिसरी बरोबर होती. त्रिकोण उचलून आरशात पाहावा तसा उलटा केला आणि आपल्याच जागी परत ठेवला, तर तो स्वतःवर तंतोतंत बसतो, एवढेच ती म्हणत होती, आणि त्यासाठी तिला दुभाजकाची गरज पडली नव्हती. मी तिथेच वर्गासमोर तिची क्षमा मागितली आणि गुण दुरुस्त केले. पुढे पुष्कळ वर्षांनी मला कळले, की ही सिद्धता चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसच्या नावावर आहे. तिने ती कोठे वाचलेली नव्हती. तिच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय गणिताचे दुसरे पुस्तक नव्हते.

त्या दिवशी वर्गात मी सभा होते. पद माझ्याकडे होते, लाल पेन माझ्याकडे होता, पुस्तक माझ्या बाजूने होते. चौदा वर्षांच्या त्या मुलीजवळ तीन ओळी होत्या आणि ती निःसंशय होती. तिला माझ्यापेक्षा मोठ्या अधिकाऱ्याकडे दाद मागावी लागली नाही. चूक दाखवा, एवढे म्हटल्यावर मला उत्तर द्यावे लागले, आणि उत्तर नसल्यावर हार मानावी लागली. ज्या समाजात वय, जात, पैसा आणि खुर्ची बघून कोणाचे खरे ते ठरते, तिथे असे एक तरी ठिकाण मुलांना दिसले पाहिजे, म्हणून मला गणित शिकवण्याची तळमळ होती. निश्चितता हा शब्द मी ऐकते, तेव्हा मला दोन अधिक दोन आठवत नाहीत. टेबलापाशी उभी असलेली ती मुलगी आठवते.

मोठ्या सभांचेही असेच होते. नकाशातल्या लगतच्या प्रदेशांना वेगळा रंग द्यायचा, तर चार रंग पुरतात, हे केंपने 1879 साली सिद्ध केले असे सर्वांनी मानले. 1890 साली हीवुडने त्यातली चूक दाखवली. मधली अकरा वर्षे जाणती माणसे नसलेल्या खात्रीवर विसंबून होती. ते प्रमेय 1976 साली ॲपेल आणि हाकेन यांनी खरे ठरवले, पण शेकडो प्रकार संगणकाकडून हजाराहून अधिक तास तपासून घेऊन. सभेने हळूहळू ते मान्य केले. स्वतः निःसंशय होण्याचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला, कारण ते सगळे प्रकार एका माणसाने नजरेखालून घालणे शक्य नव्हते.

त्याहून मला जवळची वाटते ती फळांच्या ढिगाची गोष्ट. आमच्याकडे मोसंबी विकणारा माणूस खालच्या थरातल्या खाचांत वरच्या थराची फळे बसवत ढीग रचतो. यापेक्षा दाट रचना शक्य नाही, असे केप्लरने 1611 साली लिहिले. त्या रचनेत जागेचा सुमारे 74 टक्के भाग फळांनी भरतो. विकणाऱ्याला यात शंका नव्हती, पण सिद्धतेला जवळजवळ चारशे वर्षे लागली. 1998 साली टॉमस हेल्स यांनी ती पुरी केली. तीही प्रचंड होती आणि तिच्यातही संगणकाची गणिते होती. बारा परीक्षकांनी ती काही वर्षे तपासली आणि अखेर कळवले, की आम्हांला 99 टक्के खात्री आहे, याहून पुढे जाण्याचे बळ आमच्यात उरलेले नाही. नव्व्याण्णव टक्के हा निर्णय गणितात बसत नाही. परीक्षकांनी तो प्रामाणिकपणे सांगितला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. हेल्स यांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. तर्काची एकेक पायरी यंत्राला तपासता येईल अशा रूपात त्यांनी सगळी सिद्धता सहकाऱ्यांसह पुन्हा लिहायला घेतली, आणि ते काम 2014 साली पुरे झाले. उरलेल्या एका टक्क्यासाठी माणसे एवढी वर्षे देतात, हे मी निवृत्तीनंतर वाचले आणि मला अण्णांची रोकड आठवली. नव्वद रुपये जास्तच भरत होते, कमी नव्हे. तरी ते घरी जायला उठले नव्हते.

तपासणीच सिद्धता होऊ शकते का, याचे उत्तर मला आणखी जवळच्या माणसाकडून मिळाले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. चार अंकी संख्या घ्यावी, तिचे सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी, आणि आलेल्या संख्येवर, तीनच अंक आले तर त्यांच्या डावीकडे शून्य लिहून, हेच करत जावे. शेवटी 6174 येते आणि तिथेच थांबते. त्यांचे जन्मवर्ष 1905 घेतले तर 9351, 8172, 7443, 3996, 6264, 4176 असा प्रवास होऊन सातव्या पायरीला 6174 येते, आणि सातपेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याही संख्येला लागत नाहीत. मी हे वर्षानुवर्षे मुलांना सांगत आले, आणि एका दिवाळीच्या सुट्टीत माझ्या लक्षात आले, की मी हे उसने सांगते आहे. अशा 8991 संख्या आहेत. मी जेमतेम दोनशे करून पाहिल्या असतील.

त्या सुट्टीत मी कागद घेऊन बसले. पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन गोष्टींवर अवलंबून असते, असे दिसले. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक 999 ने गुणायचा, मधल्या दोन अंकांतला फरक 90 ने गुणायचा आणि बेरीज करायची. पहिला फरक एक ते नऊ, दुसरा शून्यापासून पहिल्याएवढा. सगळ्या मिळून 54 जोड्या होतात. म्हणजे 8991 संख्या एका पायरीत 54 दारांतून आत येतात, आणि तेवढी दारे एका माणसाला दोन दुपारींत उघडून पाहता येतात. फराळाच्या डब्यांशेजारी बसून मी चोपन्न ओळी लिहिल्या. शेवटची ओळ 6174 ला पोचली तेव्हा खोलीत कोणी नव्हते. मी पेन खाली ठेवले आणि काही वेळ नुसती बसून राहिले. कापरेकरांवर माझा विश्वास आधीही होता. आता त्याची गरज उरली नव्हती.

अण्णा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे असताना त्यांना मी शेवटचे गणित समजावून सांगितले. नवाचा ताळा का चालतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते; त्यांनी तो त्यांच्या आधीच्या दिवाणजींकडून घेतला होता आणि हजारो वेळा वापरला होता. मी म्हटले, दहा म्हणजे नऊ आणि एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव आणि एक, हजार म्हणजे नऊशे नव्व्याण्णव आणि एक. नवाच्या वाटण्या काढून घेतल्या, की प्रत्येक दहामागे, शंभरामागे, हजारामागे एकेक उरतो, म्हणून अंकांची नुसती बेरीज पुरते. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावले. मग डोळे मिटून बराच वेळ बसले. मला वाटले, त्यांना झोप लागली.

"दहात नऊ गेले की एक उरतो," ते म्हणाले, "आणि दहाला अकरा व्हायला एक कमी पडतो. मग अकराचाही ताळा निघायला पाहिजे."

मी त्यांना पेन्सिल आणि एका जुन्या पाकिटाची मागची बाजू दिली. दहा हे अकराला एक कमी, शंभर हे नव्व्याण्णवला एक जास्त, हजार हे एक हजार एकला एक कमी, आणि 99 व 1001 या दोन्ही संख्यांना अकराने भाग जातो; म्हणून एककापासून एक अंक मिळवायचा आणि पुढचा वजा करायचा, हे आम्ही दोघांनी मिळून लिहिले. मग त्यांनी न विचारता 47 आणि 38 मांडले. साठ वर्षांपूर्वीचे ते आकडे त्यांच्या लक्षात असतील, असे मला वाटले नव्हते. सातातून चार गेले तीन, आठातून तीन गेले पाच, तीन पाचा पंधरा, पाचातून एक गेला चार. 1786 चे सहा वजा आठ अधिक सात वजा एक, चारच आले. मग त्यांनी खाली 1876 लिहिले. सहा वजा सात, अधिक आठ, वजा एक. सहा आले. त्या सहाभोवती त्यांनी थरथरत्या हाताने गोल काढला आणि पाकीट माझ्याकडे सरकवले.

"हे का होतं, ते परत एकदा सांग," ते म्हणाले. "हजारापासून."